एल्टनच्या वाट्याची मासळी

पवित्र आठवड्यातल्या त्या बुधवारी रोझलीन अपोलिस कांदा चिरता चिरता चक्क गाणं गुणगुणत होती. गुड फ्रायडेची मासळी करणं चाललं होतं. तळलेल्या स्नूक माशाच्या तुकड्यांवर हळद, मसाला आणि व्हिनेगरात शिजवलेला कांदा ओतायचा, तमालपत्रं खोचायची आणि मुरत ठेवायचं. केप टाऊनच्या आमच्या वस्तीत ही मासळी शेजारी वाटल्याशिवाय कुणी तोंडात घालत नाही.

"काय गं, आज गळा बरा सुटलाय?" पलीकडच्या दारातून गर्टी ओरडली.

"शनिवारी रूबेनला भेटून आले ना! सुधारतंय गं माझं पोर."

रूबेन तिचा एकुलता एक मुलगा. एक दुकान लुटलं म्हणून आत गेला आणि आत गेल्यावर 'नंबर'मध्ये शिरला. तुरुंगातल्या टोळीला आमच्याकडे नंबर म्हणतात. शिरला नसता तर कुणीही त्याला पायाखाली तुडवलं असतं, असं तो सांगे, आणि ते खोटं नव्हतं. पण त्या दिवसापासून त्याचा जिवलग मित्र एल्टन त्याच्याशी बोलेनासा झाला. दोघं एकाच अंगणात वाढलेले, एकाच ताटात जेवलेले. एल्टन मिनीबस टॅक्सीच्या दारात उभा राहून प्रवासी गोळा करायचा. नंबरची माणसं त्याच्या टॅक्सीत नशेच्या पुड्या ठेवू पाहत होती. त्याने त्या भर रस्त्यात गटारात फेकल्या. तेव्हापासून तो घराबाहेर पडत नव्हता.

आणि शनिवारी काचेपलीकडून फोनवर रूबेन म्हणाला होता, "मम्मी, अंकल नॉर्मीला सांग, एल्टनच्या वाट्याची मासळी गुड फ्रायडेच्या आधी पोचली पाहिजे."

आईचं काळीज ते! लेकाला जुना मित्र आठवला, भांडण मिटलं, एवढंच तिला कळलं. अंकल नॉर्मी म्हणजे आमच्या गल्लीचा दादा. पोरांना फुटबॉलचे कपडे देणारा, म्हाताऱ्यांच्या अंत्यविधीला मंडप घालणारा. निरोप ऐकून तो गोड हसला. "पोचेल हं, रोझलीन. तू काळजी करू नकोस."

पण नॉर्मीसारखा माणूस कसली मासळी शिजवतो, असं म्हणून रोझलीननेच पांढऱ्या वाडग्यात मोठे मोठे तुकडे काढले आणि अंगण ओलांडून एल्टनच्या आईकडे, हेस्टरकडे गेली.

"हेस्टर, ही एल्टनसाठी. माझ्या रूबेनने मुद्दाम सांगितलंय बरं का."

एल्टन आतून बाहेर आला. दाढी वाढलेली. "रूबेनने? खरंच, आंटी रोझ?"

"मग काय खोटं सांगते? सण आलाय. असं तोंड लपवून किती दिवस बसणार आहेस रे?"

एल्टनने उभ्या उभ्या एक तुकडा तोंडात टाकला, मुरायचीही वाट पाहिली नाही. किती दिवसांनी तो हसत होता. दुसऱ्या दिवशी दुपारी तो दाढी करून कामावर गेला, आणि टॅक्सीतळावर, लोकांच्या डोळ्यांदेखत, नॉर्मीच्या माणसांनी त्याला गोळ्या घातल्या.

अंत्यविधीच्या दिवशी हेस्टर रोझलीनच्या गळ्यात पडून म्हणाली, "तुझी मासळी खाल्ली म्हणून तरी शेवटचा हसला गं माझा बाळ. म्हणाला, रूबेनने माफ केलं, आता भीती नाही." रोझलीन तिला थोपटत राहिली. परत निघाली तेव्हा फाटकाशी नॉर्मीचा एक पंटर टेकून उभा होता. तो डोळा मारून म्हणाला, "काय आंटी, मासळी वेळेवर पोचली ना?"

तेव्हा कुठे त्या निरोपाचा अर्थ तिला कळला.

आता मला सांगा, खुनी कोण? ज्याने चाप ओढला तो? हो, तो आहेच. पण तो हुकूम तुरुंगाच्या भिंतीबाहेर आणला कुणी? फोन पकडले जातात, चिठ्ठ्या सापडतात. आईच्या तोंडाची झडती कोण घेणार? आत बसलेले चार म्हातारे गुंड जीभ हलवतात आणि बाहेर आमची पोरं मरतात. मधला सगळा रस्ता आमच्या बायका चालतात. आतला निरोप पोचवायचा, अर्थ विचारायचा नाही, याला आमच्या वस्तीत माणुसकी म्हणतात. आग लागो असल्या माणुसकीला!

पुढच्या भेटीला रोझलीन काचेसमोर बसली ती दात आवळून. रूबेनची नजर जमिनीवर होती.

"मम्मी, अंकल नॉर्मीला सांग..."

"काय सांगू?"

"हेस्टर आंटीच्या घरी अजून थोडी मासळी जाऊ दे."

हेस्टरने एल्टनला गोळ्या घालणाऱ्यांची नावं पोलिसांना दिली होती. ती कोर्टात उभी राहणार होती.

"मेल्या," रोझलीन म्हणाली, आणि तिचा आवाज तिलाच ओळखू येईना, "तिच्या हातचं खाऊन वाढलास तू. मी कारखान्यातून येईपर्यंत तुला पोटाशी धरून बसायची ती!"

"हळू बोल, मम्मी. मी नाही ठरवत काही. नंबरचा जनरल ठरवतो. निरोप पोचला नाही तर ते मला सोडणार नाहीत." त्याने मान वर केली. "मी मरेन गं इथे."

तिने काचेवर हात टेकला. त्याच्या कपाळावर लहानपणी सायकलवरून पडल्याचा व्रण होता, तो तिला दिसत होता. एक साधं वाक्य नॉर्मीच्या कानावर घातलं की हे पोर जगणार होतं. कोणत्या आईवर अशी वेळ यावी? ती रडली, रागाने रडली, आणि म्हणाली, "नाही सांगणार. इथल्या साहेबांना मी आत्ता सांगून जाते, तुला वेगळं ठेवा म्हणून. पण हा निरोप माझ्या तोंडून बाहेर जाणार नाही."

साहेबांनी ऐकून घेतलं, बघतो म्हणाले, आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

घरी येऊन तिने पिशवीसुद्धा ठेवली नाही. अंगणात कपड्यांच्या दोऱ्यांपाशी बायका वाळलेलं काढत होत्या. रोझलीन मध्यभागी उभी राहिली.

"ऐका गं सगळ्या! मासळी पोचवा म्हणजे माणूस मारा. एल्टनच्या वेळी तो निरोप मी नेला. हेस्टर, मी नेला! आणि आज तुझ्या नावाने दिला होता."

हेस्टरच्या हातातली चादर खाली पडली. ती चालत आली आणि तिने रोझलीनच्या कानाखाली सणसणीत वाजवली. कुणी मध्ये पडलं नाही. रोझलीनने गालाला हातही लावला नाही. "अजून मार," ती म्हणाली. "पण आधी बाकीच्यांना विचार, त्यांनी काय काय नेलंय."

गर्टी एकदम मटकन खाली बसली. "माझा भाऊ म्हणाला होता, पडदे धुवायला काढ म्हणून नॉर्मीला सांग," ती पुटपुटली. "त्याच आठवड्यात कोपऱ्यावरचा दुकानदार... अगं बाई, मी हसत सांगितलं होतं गं!"

मग दुसरी बोलली, मग तिसरी. कुणाच्या निरोपात छत गळत होतं, कुणाच्या निरोपात कोंबडी हरवली होती. नॉर्मी आपल्या दारात पाव खात उभा होता; त्याने ऐकलं, अर्धा पाव तसाच हातात घेऊन आत गेला आणि दार लावलं. जे वाक्य अख्ख्या अंगणाला कळलं, ते त्याच्या काय कामाचं? नवीन वाक्यं ते शोधतीलच, हे रोझलीनलाही ठाऊक होतं. पण ती न्यायला आता या अंगणातून बाई मिळणार नव्हती.

शनिवारी ती तुरुंगाकडे निघाली तेव्हा फाटकाशी हेस्टर उभी होती, काळ्या कपड्यांत.

"मी येते."

"हेस्टर, तू मला..."

"माफ नाही केलं. करेन असंही वाटत नाही. चल, टॅक्सी जाईल."

रूबेनचं नाव पुकारायला फार उशीर झाला. रोझलीनच्या तोवर येत होत्या तेवढ्या सगळ्या प्रार्थना म्हणून झाल्या. शेवटी तो आला, एक डोळा पूर्ण मिटलेला, हात गळ्यात बांधलेला. पण आपल्या पायांनी चालत आला. काचेपलीकडे आईशेजारी कोण बसलंय हे दिसताच तो जागीच थबकला.

रोझलीन फोन उचलणार, तोच हेस्टरने तो तिच्या हातातून घेतला.

"बस, रूबेन," ती म्हणाली. "आज कुणाची मासळी पोचवायची आहे? बोल ना. आता मलाच सांग."