एक कान वर, एक खाली

"साडेनऊ," आमचे हे म्हणाले. सशाच्या कानावरची पोलादी पट्टी उचलून त्यांनी वहीत आकडा लिहिला. "आता उजवा."

"अहो, डावा मोजलात ना? उजवा काय वेगळा निघणार आहे?"

"निघू शकतो. धरून चालायचं नसतं."

मी कपाळाला हात लावला. टाकून दिलेल्या प्राण्यांच्या त्या केंद्रात एक टेबल, दोन खुर्च्या, भिंतीला लागून पिंजरे आणि दारावर एक घड्याळ होतं. अकरा वीस झाले होते. बारा वाजेपर्यंत ससा आमच्या नावावर राखून ठेवलेला. बारानंतर बाहेर बाकावर बसलेल्या दाताच्या डॉक्टरांचा नंबर. ते आपल्या दोन मुलींना घेऊन दहा वाजल्यापासून ठाण मांडून होते. मुली सारख्या दाराच्या काचेला नाक लावून आत बघत होत्या. गोड होत्या हो, पण मला त्या अगदी नकोशा झाल्या होत्या.

ससा मातकट रंगाचा, पोटाशी पांढरट. एक कान सरळ वर, एक खाली लोंबता. कुणी भाडेकरू घर सोडून गेले आणि याला बाल्कनीत विसरून गेले. विसरून म्हणे! घरमालकाने चार दिवसांनी दार उघडलं तेव्हा हा रिकाम्या कुंडीतली माती चाटत बसला होता. केंद्राच्या ताईंनी हे सांगितलं त्या क्षणी मी मनात त्याला घरी नेऊन ठेवला होता. पण तिथला नियम असा, की घरात जितकी मोठी माणसं, तितक्या सह्या हव्यात. म्हणजे यांची सही हवी. तिथेच घोडं अडलं होतं.

हे बियाणं तपासणीच्या प्रयोगशाळेत आहेत, अठ्ठावीस वर्षं. बशीत नमुना ओतायचा, भिंग लावायचं आणि चिमट्याने एकेक दाणा वेगळा करायचा. हा पाकिटावर लिहिलेल्या वाणाचा, हा दुसरा, हा संशयित. संशयिताचा निकाल लागेपर्यंत हे कशावरही सही करत नाहीत. कामात ते ठीक आहे. पण हा माणूस घरीही तसाच. भाजी आणायला पाठवलं तर भाजीवाला यांना लांबून बघूनच पाठ फिरवतो.

आता ग्रंथालयातून सशांच्या ब्रीडचं जाडजूड पुस्तक आणलं होतं. तीन भेटी त्यातच गेल्या, ही चौथी.

"लोंबत्या कानांचं ब्रीड म्हणावं, तर उजवा कान उभा आहे," हे स्वतःशीच पुटपुटले. "उभ्या कानांचं म्हणावं, तर डावा पडलाय. डोकं बुटक्या सशाचं, पाय मोठ्या सशाचे."

"मग?"

"मग काय, संशयित."

"ससा आहे तो! गुन्हेगार नाही!"

ताई हसल्या. मला हसू आलं नाही. मी खिडकीपाशी गेले, परत आले, पर्स उघडली, बंद केली. दोनला दवाखान्यात ड्यूटी होती. पुढच्या महिन्यात निवृत्ती, मग तीही संपणार. तेहतीस वर्षं लोकांच्या जखमा धुतल्या, पट्ट्या बांधल्या; आता या हातांनी करायचं काय? घरात आम्ही दोघं आणि फ्रीज. त्यातल्या त्यात फ्रीजच जास्त बोलतो.

"किती वाढेल, काय आजार होतील, किती वर्षं जगेल, सगळं ब्रीडवर असतं," हे म्हणाले. "प्राण्यांच्या डॉक्टरीणबाई बाराला येतात ना? त्यांना दाखवू. आठवडाभर विचार करू..."

आठवडाभर! माझ्या अंगाची लाही लाही झाली.

"त्या पोरीच्या वेळीही तुम्ही हेच केलंत," मी म्हणाले.

पट्टी हवेतच थांबली. एकवीस वर्षांत हे वाक्य मी एकदाही तोंडातून काढलं नव्हतं. तेही परक्या बाईसमोर निघालं. पण निघालं ते निघालंच.

"आठ महिन्यांची होती ती. माझा पदर मुठीत धरून सोडत नव्हती. आणि तुम्ही दत्तक देणाऱ्या संस्थेतल्या बाईंना विचारत बसलात, आई कोण, बाप कोण, आजोबांना काय आजार होता! चार दिवसांनी कळवतो म्हणालात. मी घरी कपाट सरकवून पाळण्याला जागा केली. आणि पाचव्या दिवशी सांगितलंत, दुसऱ्यांनी नेली."

ताई हळूच उठून पिंजऱ्यातल्या भांड्यात पाणी घालायला लागल्या. तिथे पाणी आधीच भरलेलं होतं.

यांनी पट्टी खिशात ठेवली. मग सशाकडे बघतच म्हणाले, "दुसऱ्याच दिवशी गेलो होतो मी."

"कुठे?"

"तिला आणायला. त्या रात्री झोप लागली नाही. म्हटलं, कसले आजोबा न् कसलं काय. सकाळी लॅबला न जाता तिकडेच गेलो. तर आदल्या संध्याकाळीच नेली होती तिला. आपण निघालो आणि तासाभरात ते लोक आले."

मी खुर्चीत बसले.

"मग मला चार दिवस का नाही सांगितलंत?"

"तू खुशीत होतीस. कपाट सरकवत होतीस, गुणगुणत होतीस. मला सांगवेना."

"नंतर सांगायचं!"

"नंतर तू माझ्याशी बोलतच नव्हतीस."

खरं होतं ते. चार महिने मी यांच्याशी कामापुरतं बोलले होते, आणि मनातून तर एकवीस वर्षं. मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. यांचा, माझा, त्या तासाभरात आलेल्या लोकांचा. एवढं सगळं पोटात ठेवून हा माणूस माझ्यासमोर रोज जेवत होता.

"एवढं कळलं होतं, तरी आज पुन्हा तेच? पट्टी घेऊन?"

"मला दुसरं काही येतच नाही गं," हे म्हणाले.

तेवढ्यात डॉक्टरीणबाई आल्या, बाराला दहा मिनिटं असताना. त्यांनी सशाला उताणा न करता नुसता छातीशी धरला, दात बघितले, मागचे पाय चाचपले. यांनी वही पुढे केली. बाईंनी ती कौतुकाने चाळली.

"एवढी मापं तर मीही घेत नाही. पण काका, हा मिश्र आहे. तीन-चार ब्रीड तरी असतील. नक्की कोणती, ते कुणीच सांगू शकणार नाही."

"कुणीच?"

"कुणीच. याची वाढ मात्र पूर्ण झालीये. नीट सांभाळलात तर सात-आठ वर्षं जगेल."

यांनी वही मिटली. बाहेर दाताचे डॉक्टर उठून उभे राहिलेले काचेतून दिसत होते. बोलायचं ते बोलून झालं होतं, आणि आता माझ्या रेट्याने झालेली सही मला नको होती.

"ताई," हे म्हणाले, "फॉर्म द्या."

यांनी फॉर्म न वाचताच इतक्या घाईने सही केली की मला वाटलं, ही सही खोटी म्हणून परत येईल. मग मी केली. दार उघडून बाहेर आलो तेव्हा धाकटी मुलगी ओठ काढून रडायला लागली. हे तिच्यासमोर थांबले आणि मान खाली घालून पुढे झाले.

बसमध्ये आम्हांला मागची जागा मिळाली. पुठ्ठ्याचं खोकं यांच्या मांडीवर. मी घड्याळ बघत होते. घरी जायचं, याला ठेवायचं, ड्यूटी गाठायची. दोनदा ड्रायव्हरवर चिडून झालं. मग बघते तर यांनी खोक्याच्या हवेच्या भोकातून तर्जनी आत घातली होती. डोळे मिटलेले, चेहरा अवघडलेला.

"चावला का?" मी घाबरून विचारलं.

"नाही. चाटतोय."

आमचा स्टॉप आला. दारं उघडली, दोघं-तिघं उतरले. यांनी डोळे उघडले नाहीत, बोटही काढलं नाही. मी पर्स मांडीवर ठेवली आणि दारं बंद होऊ दिली.