ब्रेकची ओळ

स्फाक्स शहरातल्या तेलघाण्यात शादलीनं प्रेसचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या निझारचं थोबाड कीबोर्डवर असं आपटलं, की त्याचे दोन दात बटणांच्या फटीत अडकले. सकाळीच त्या ऑलिव्हच्या प्रेसनं शादलीच्या धाकट्या भावाचा पंजा चिरडला होता.

"कुठली ओळ काढलीस, हरामखोरा?"

निझारनं बोटानं जागा दाखवली. ब्रेक चालवणारा कोड, म्हणजे त्याचा ड्रायव्हर, नसेल तर मोटरचा ड्रायव्हर प्रेसच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये, कर्नलमध्ये, बिल्डच होऊ द्यायचा नाही, एवढंच ती ओळ सांगायची. चाचणीत आडवी येते म्हणून या शहाण्यानं ती उडवली आणि परत घालायला विसरला. पुढे कुणीतरी ब्रेकचा ड्रायव्हर वगळला, तरी कोडपासून मशीनसाठी चालतं सॉफ्टवेअर बनवणारं बिल्ड बिनबोभाट पार पडलं आणि प्रेस ब्रेकशिवाय चालू झाली.

"घाल परत."

रक्त गिळत त्यानं ती टाइप केली.

"आता ब्रेकशिवाय प्रेस हलणार नाही ना?"

"नाही रे भावा. अल्लाची शपथ."

"मग ठेव हात."

शादलीनं त्याला फरफटत नेलं आणि त्याचा पंजा प्रेसखाली दाबून धरला. तेव्हा कुठे निझारच्या डोक्यात प्रकाश पडला.

"थांब! नुसती लिहिलीये, अजून बिल्ड नाही केलं! मशीनमध्ये जुनंच…"

"झाली का कारणं सुरू?" म्हणत शादलीनं बटण दाबलं.