न फिरणारं भांडं

मित्रांनो, रंग उडालेलं, कडांना गंज धरलेलं, धाग्याला पीळ देणारं एक मशीन म्हणजे मी. सुरतेच्या पूर्वेला, कडोदऱ्याच्या एका शेडमध्ये माझं आयुष्य गेलं. तुमच्या आईच्या एखाद्या साडीचा धागा माझ्या अंगावरून गेला असेल. साडी बघताना तो कुणाला आठवत नाही, आणि त्याबद्दल माझी तक्रारही नाही.

माझी घडण नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. माझ्या दोन्ही बाजूंना ओळीनं चात्या, म्हणजे पीळ देणारे उभे दांडे, आहेत. प्रत्येक चातीवर एक उभं भांडं असतं आणि त्यात धागा गुंडाळलेला शंकूसारखा कोन ठेवलेला असतो. भांड्याखालची तबकडी जोरात फिरते. तिच्यातून निघालेला धागा भांड्याभोवती इतक्या वेगानं घिरट्या घालतो की तो डोळ्यांना दिसत नाही. भांडं मात्र जागचं हलत नाही. लोहचुंबकानं त्याला धरून ठेवलेलं असतं. चाती चालू असो की बंद, भांडं तसंच उभं. एखादी चाती थांबवायची तर तिच्या खालचा ब्रेक गुडघ्यानं पूर्ण दाबायचा.

मी नवा होतो तेव्हा शेठ पाहुण्यांना माझ्यासमोर आणून उभं करत. दसऱ्याला माझ्यावर झेंडूची माळ चढे. मला चालवणारा दगा हा अमळनेरकडचा. माझ्या आवाजावरून त्याला कुठला धागा तुटणार ते आधी कळायचं. ते आमचे बरे दिवस होते.

खानदेशातून आलेल्या लोकांची इथे एक रीत आहे. लग्नासाठी गावाला जायचं असेल तर माणूस आपल्या जागी नात्यातला कुणी बदलीवर ठेवून जातो. म्हणजे परत आल्यावर जागा शाबूत राहते. दगानं एका उन्हाळ्यात आपल्या बहिणीच्या, मंगलाबाईच्या नवऱ्याला ठेवलं. त्याचं नाव विठ्ठल. विठ्ठल मागावर काम केलेला, सावध माणूस. पण मागावर जे फिरतं ते फिरताना दिसतं. दगाची निघायची घाई होती. थांबलं की मगच हात घाला, एवढं सांगून तो स्टेशनकडे गेला.

एक चाती थांबवताना विठ्ठलचा गुडघा ब्रेकवर अर्धाच बसला. त्यानं वाकून पाहिलं आणि हात घातला. शेडमध्ये इतका गोंगाट होता की त्याचा आवाज शेजारच्या माणसालाही ऐकू गेला नाही. मला ऐकू आला. धाग्यानं त्याची दोन बोटं नेली.

दगा परत आला तेव्हा मी धुऊन पुसून तयार होतो. तरी त्या चातीवरचा धागा पुन्हा पुन्हा तुटू लागला. फिटरनं ती उघडली, तबकडी बदलली, तेल दिलं, आणि काही बिघाड नाही असं सांगून तो गेला. धागा तुटतच राहिला. बटण दाबण्याआधी दगा त्या चातीकडे बघून हळूच म्हणायला लागला, "पाव्हना, हात काढा." पाव्हना म्हणजे त्याचा मेहुणा, विठ्ठल. तिथे कुणी नसायचं. पण तो क्षणभर थांबायचा, आणि मगच मला सुरू करायचा. सुरुवातीला बाकीचे कारागीर एकमेकांकडे बघत. पुढे त्यांनी बघणंही सोडलं. खरं सांगायचं तर मीही थांबायचो. मला त्या भांड्यावर एका तळहाताची ऊब जाणवायची.

मंगलाबाई भाऊबीजेला दगाला ओवाळत राहिली. त्या बदलीचा विषय मात्र घरात निघत नसे. कुणी विचारलंच तर एकच उत्तर ठरलेलं होतं, विठ्ठलनं बघितलं नाही. विठ्ठलही ते खोडून काढत नसे. तो सुरतेच्याच कोसाड भागात भाजी विकायला बसू लागला.

वर्षं गेली. शेजारी नवी मशिनं आली. माझ्यावर धूळ साचली, रिकामे खोके ठेवले गेले. मग एक दिवस कळलं की समुद्रापलीकडच्या एका कारखान्यानं मला विकत घेतलं आहे. त्यांना चालू मशीनचा व्हिडिओ हवा होता, आणि मला कसं चालवायचं याच्या इंग्रजीतल्या सूचना हव्या होत्या. त्या लिहिण्याचं काम ऑफिसात कॉम्प्युटरवर बसणाऱ्या गायत्रीकडे आलं. गायत्री ही विठ्ठलची मुलगी, म्हणजे दगाची भाची.

मॅनेजर भूपेंद्रभाईंनी तिला सोपा मार्ग सांगितला होता. "बधे रोटेट लखी नाख, बेन. सारुं लागशे." सगळीकडे एकच शब्द टाकला की काम झालं, असं त्यांचं मत. पण गायत्रीनं फोनवर शोधलं तर एका 'फिरणे'पुढे इंग्रजी शब्दांची रांगच उभी राहिली. म्हणून ती शेडमध्ये आली. दगानं व्हिडिओसाठी मला सुरू केलं होतं. आजूबाजूची मशिनंही चालू होती.

तिनं विचारलं की यातलं नक्की काय फिरतं. दगा म्हणाला, "सगळं फिरसच, पोरी. माले एकच शबद माहीत शे."

मग ती एकेका भागापाशी थांबून शब्द लावून बघू लागली. हातानं थोडी फिरवून सोडायची ती मूठ, तिला टर्न. तबकडी आपल्याच आसाभोवती फिरते, ते रोटेट. स्पिनही चाललं असतं, पण त्यात नुसता वेग दिसतो. दगानं सांगितलं तसा धागा भांड्याला बाहेरून फेरी घालतो, आस त्याचा स्वतःचा नाही, म्हणून रिव्हॉल्व्ह. आणि त्या फेऱ्यांमुळे धाग्याला आतून जो पीळ बसतो तो ट्विस्ट. ट्विस्टमध्ये वस्तू जागा बदलत नाही, तिचं अंगच बदलतं. हे तिनं दगाला समजावून सांगितलं तेव्हा तो माझ्याकडे बघत होता.

राहिलं भांडं. त्याला कुठला शब्द लावायचा? गायत्री वाकली. भांडं स्तब्ध उभं होतं. चालू असती तर भांडंही फिरलं असतं, म्हणून ही चाती मामानं थांबवून ठेवली असावी असं तिला वाटलं. तिनं बोट दाखवत हात पुढे केला.

मित्रांनो, मला ओरडता येत नाही. मला स्वतःहून थांबताही येत नाही. तो हात येताना मी पाहिला, आणि तो मला ओळखीचा वाटला.

दगानं तिचं मनगट धरून मागे खेचलं. लाल बटणावर हात मारून त्यानं मला बंद केलं. बऱ्याच वेळानं तबकड्या थांबल्या. आत्तापर्यंत न दिसणारा धागा सैल होऊन भांड्यावर पडला, तेव्हा कुठे गायत्रीला तो दिसला.

"पण मी बघितलं होतं, मामा," ती म्हणाली.

दगा खाली पायरीवर बसला. "पाव्हनास्नी बी देखेल व्हतं. भांडाकडेच देखेल व्हतं. भांडं फिरत नई, हाई मी तेस्ले सांगंच नई."

 गायत्रीनं ऑफिसात जाऊन सूचना पूर्ण केल्या. सगळ्यात वर, मोठ्या अक्षरांत तिनं लिहिलं की मशीन चालू असतानाही हे भांडं फिरत नाही, म्हणून त्याच्याकडे बघून चाती थांबली असं समजू नका. त्या ओळीत तिला टर्न हा साधाच शब्द पुरला. त्याआधीचा 'नॉट' मात्र तिनं जाड अक्षरांत केला.

कागद माझ्या अंगावर चिकटवायला भूपेंद्रभाई स्वतः आले आणि ती ओळ वाचून थबकले. "आवुं लखाय? लेनार को लगेगा मशीन काटती है."

"काटती है, भूपेंद्रभाई," गायत्री म्हणाली. ओळ काढायची असेल तर कागद दुसऱ्या कुणाकडून लिहून घ्या, हेही तिनं शांतपणे सांगितलं. भूपेंद्रभाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग पायरीवर बसलेल्या दगाकडे. त्यांनी कागद चिकटवला आणि त्याच्या कडा अंगठ्यानं दाबून बसवल्या.

जेवणाच्या सुट्टीत शेड शांत झाली. माझ्या कडेला टेकून गायत्रीनं कोसाडला फोन लावला.

"बाबा, तुम्ही बघितलं होतं ना?"

पलीकडे भाजीचा भाव विचारणारं कुणीतरी होतं. त्याला विठ्ठलनं थांबायला सांगितलं असावं.

"हां," तो म्हणाला. "उभंच व्हतं ते."

मग त्यानं विचारलं, "तू हात नई ना घाला?"

गायत्रीच्या मनगटावर दगाच्या बोटांचे वळ उमटले होते. ते झाकत ती नाही म्हणाली.

मित्रांनो, आता मला लाकडी चौकटीत बांधलं आहे. जिथे निघालो आहे तिथली भाषा मला येत नाही. त्या भांड्यावरची ऊब अजून गेलेली नाही, ती माझ्याबरोबरच येईल. तुमच्याकडे एवढंच मागतो. पंखा असो, मिक्सर असो, बटण बंद केल्यावर आतलं पातं खरोखर थांबेपर्यंत हात मागे ठेवा. आणि कुणाला अपघात झाला तर त्यानं बघितलं नसेल, असं लगेच म्हणू नका. त्याला काय दिसलं होतं, ते आधी विचारा.