आचारीमामांची झाडाझडती

अंटार्क्टिकाच्या बर्फावर माणूस जाऊ शकतो, बी जाऊ शकत नाही. उगवलं तर पंचाईत. म्हणून पोचण्याच्या आदल्या दिवशी जहाजावरचे सगळे विद्वान आपापले खिसे, शिवणी आणि बुटांच्या खाचा व्हॅक्यूम क्लीनरने साफ करत बसतात. डॉक्टरेट मिळवलेला माणूस स्वतःच्या मोज्यात इतका गढलेला एरवी बघायला मिळत नाही.

कधी नव्हे ते आचारीमामाही रांगेत होते. इतक्या सफरी झाल्या, पण बर्फ त्यांनी पाहिला तो भटारखान्याच्या गोल खिडकीतून, कांदा चिरताना. या खेपेला कप्तान म्हणाले, "मामा, उद्या भांडी आम्ही घासतो. तुम्ही उतरा." तेव्हापासून मामांचे पाय जमिनीला लागत नव्हते. अर्थात जहाजावर कुणाचेच लागत नाहीत.

तपासणीला वनस्पतिशास्त्राच्या बाई होत्या. त्यांनी मामांचा खिसा उलटा केला. मोहरी. दुसरा केला. बडीशेप. बाहीची दुमड उलगडली आणि बाईंनी चष्मा काढून पुसला.

"मामा, हा स्वेटर आहे की शेत?"

"बायकोने विणलाय."

"आणि पेरलाय कुणी? एक दाणा जरी राहिला ना, तर उतरायचं नाही."

मामांचा चेहरा बसलेल्या केकसारखा झाला. ते बघवेना म्हणून आम्ही सगळेच कामाला लागलो. रेडिओवाल्याने व्हॅक्यूमची नळी धरली, जहाजाच्या डॉक्टरांनी चिमटा. लाट आली की मामा खुर्चीसकट डावीकडे जात, त्यांच्यामागे नळी, नळीमागे आम्ही. जहाज सावरलं की सगळी वरात परत. नळीच्या गुदगुल्यांनी मामा हसत, आणि हसले की कुठूनतरी आणखी एक जिरं पडे.

"हसू नका हो मामा!" कप्तान ओरडले आणि स्वतःच भिंतीला धरून खिदळू लागले.

अखेर बाई म्हणाल्या, "झालं. पास!"

मामांनी आनंदाने मिशीवर ताव दिला. मिशीतून एक तीळ निघाला आणि बाईंच्या तळहातावर पडला.

आता कुणीच हसेना. मिशी लग्नाच्याही आधीची होती.

"विंचरून बघू का?" डॉक्टर पुटपुटले.

"अहो, कोठार आहे ते," बाई म्हणाल्या. "मामा, एक काहीतरी ठरवा. मिशी की अंटार्क्टिका?"

मामांनी मिशीवरून शेवटचा हात फिरवला. "काढा. परत उगवेल."

"उगवणारं म्हणूनच तर काढतोय," डॉक्टर म्हणाले आणि साबणाला फेस आणू लागले.

दुसऱ्या दिवशी छोट्या बोटीतून सगळ्यांत आधी मामांना उतरू दिलं. त्यांनी बर्फावर पाऊल ठेवलं असं म्हणता येणार नाही. त्यांनी थेट बैठक मारली आणि तशीच घसरत, आनंदाने किंचाळत, बरीच लांब नेली. पेंग्विनांपासून अंतर ठेवायचा नियम मामांनी पाळला, पेंग्विनांनी पाळला नाही. एकजण तुरुतुरु आला आणि मान वाकडी करून त्यांच्या कोऱ्या ओठाकडे बघत राहिला.

"अरे, मिशी होती म्हणून सांगा याला कुणीतरी!" मामा बसल्या जागेवरून ओरडले.

आम्ही एकसुरात सांगितलं. त्याला पटलेलं दिसलं नाही.