उपरण्याखालचा सौदा

हे मी सांगितलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. ठेवूही नका. गोदावरीच्या पुरात वाहत चाललेल्या म्हशीची मी पुलावरून वाकून धार काढली होती, त्यावरही कुणाचा विश्वास नाही, आणि त्या दुधाचा चहा प्यालेले दोघे जण पंचवटीत अजून हयात आहेत. पण हे त्याच्याही वरचं. आमच्या मळ्यातल्या पालकाला पहिलीत प्रवेश मिळाला, आमच्या नातीला दुपारच्या आत बाजारात विकून टाका असं सांगण्यात आलं, आणि माझी बायको कसदार जमीन निघाली. सगळं एकाच दिवशी.

अशी सुरुवात मी केली ती दवाखान्यातल्या बाकड्यावर, केमोच्या खोलीबाहेर. समोर भिंतीवर लाल आकड्यांचा फलक होता आणि आमच्या आधी बरेच नंबर होते. उजवीकडे लंकाबाई बसल्या होत्या. दिंडोरीकडच्या, द्राक्षाच्या बागेत छाटणीला जाणाऱ्या. त्यांचे मालक, म्हणजे नवरा, आत होते. डावीकडे माझी नवसाबाई, पदर कपाळापर्यंत ओढून, डोळे मिटून.

तिचे तीन डोस झाले होते आणि तीन राहिले होते. तिसऱ्यानंतर तिला मेथीचा वास सोसेना. उभा जन्म मेथीच्या जुड्या बांधल्या त्या बाईनं, आणि आता मेथी घरात आणली की ती अंगणात जाऊन बसायची. मी मेथी गोठ्यात ठेवायला लागलो. मग वास गोठ्यातून यायला लागला.

त्या दिवशी सकाळी ती म्हणाली होती, "दवाखान्यापर्यंत येते. बाकड्यावर बसते. आत जायचं का नाय ते तिथं ठरवीन."

"आणि नाही गेलीस तर?"

"तर रिक्षानं घरी. तुम्हाला चालत यायचं असंल तर चालत या."

तिचं विचारणं एकच होतं. एवढं सोसायचं ते कशासाठी, पुढं किती मिळणार ते सांगा. डॉक्टर म्हणाले होते, प्रतिसाद चांगला आहे, डोस पुरे करा. तिला ते पुरेना. प्रतिसाद चांगला आहे असं तर बियाणंवालाही म्हणतो, असं ती म्हणाली.  माझ्याकडे उत्तर नसतं तेव्हा गोष्ट असते.

लंकाबाईंनीच आयतं तोंड उघडलं. "दादा, पुढं किती वर्सं ते सांगत्यात का ओ हे लोक? आमच्यांना कुणी काय सांगंना."

"सांगतात की," मी म्हणालो. "आम्हाला तर घरी येऊन सांगितलं." आणि डाव्या डोळ्यानं नवसाकडे पाहिलं. झोपलेली वाटली.

तर ऐका. पहिल्या डोसानंतरची गोष्ट. आमचा मळा मखमलाबादच्या पुढं. सकाळी जुड्या बांधणं चाललेलं, एवढ्यात एक जीप आली आणि तिच्यातून विद्यापीठाचे तिघे उतरले. तिघांच्या अंगात सारखी निळी जॅकेटं, तिघांच्या हातात सारखी काळी पाटी, बोटानं चालणारी. दीपमालाताई म्हणाल्या, लहान मूल शाळेच्या आधी काय शिकतं ते आम्ही बघतो, तुमची नात अंगणवाडीत आहे ना? यादव सर म्हणाले, जमीन आणि पाणी न संपवता भाजीपाला कसा पिकवायचा ते मी बघतो. तिसरी संजनाताई, सगळ्यात लहान. ती हळू आवाजात म्हणाली, कॅन्सर झालेल्या माणसाचं पुढं काय होईल ते आधी ओळखता येतं का, हा माझा अभ्यास. दवाखान्यातून तुमचं नाव मिळालं, आजींनी हो म्हटलं होतं.

मी म्हणालो, "म्हणजे तिघंही पुढचंच बघता. मग पोपट कुठाय?"

हसले बिचारे. पण एक अभ्यास का तीन, आणि तीन असतील तर जीप एक का, हे मला आजवर कळलेलं नाही. यादव सर म्हणाले, डिझेल वाचतं. तेही त्यांच्या अभ्यासातच येतं म्हणे.

"मग?" लंकाबाई.

मग चहा आला. तिघांनी पाट्या मेथीच्या टोपलीत ठेवल्या आणि कपबशा हातात घेतल्या. आमची वैष्णवी चार वर्षांची. तिनं टोपलीतली मेथी खालीवर केली, जशी आजी करते, पाणी मारून. पाट्या पुसल्या, परत ठेवल्या. आता एका वाफ्यातल्या तीन मुळ्यांमधला कुठला कोणाचा, हे तुम्ही सांगा. चहा झाला, ज्याच्या हाताला जी आली ती त्यानं उचलली आणि कामाला लागले.

शिकलेल्या माणसाचं एक असतं. पाटीवर जे लिहून येईल ते तो विचारतो. यादव सर नवसासमोर बसले आणि म्हणाले, "आजी, यातला लाल मणी कोणता? आणि माकड कुठे राहतं?" नवसा म्हणाली, "माकड तपोवनात राहतं, मणी माझ्या मंगळसूत्रात हाय, आणि तुम्हाला ऊन लागलंय." सरांनी लिहिलं, भाषा उत्तम. संजनाताईनं वैष्णवीला विचारलं, पहिलं बाळंतपण कितव्या वर्षी? वैष्णवी म्हणाली, उद्या.

"आणि तिसरी बाई?"

दीपमालाताईंच्या पाटीवर नुसतं 'पालक' असं आलं, म्हणून त्या वाफ्याकडे गेल्या. त्यांनी आपल्या सवयीनं पालकाला विचारलं, आज सर्व धडे गिरवले का?

लंकाबाई माझ्याकडे बघत राहिल्या. "पालकाला?"

"पालकाला. पालक वाऱ्यानं मान हलवतो. त्यांनी लिहिलं, होय."

"दादा, आमच्या बागेत मणी मोजायला साहेब येतो, तो बी घडाशी बोलत नाय."

"तुमचे साहेब एकटे येतात. तिघे आले की बोलतात."

फलकावर नंबर सरकला. एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत आत गेले. नवसाच्या पापण्या हलल्याशा वाटल्या. मी आवाज थोडा चढवला, पण लंकाबाईंकडेच बघत राहिलो.

दुपार व्हायच्या आत तिघांनी पाट्या एकमेकांना जोडल्या, त्यात उरलंसुरलंही मिसळलं, आणि निकाल काढला. अंगणात उभं राहून वाचून दाखवला. पालकाची प्रगती समाधानकारक, वर्गात शांत बसतो, जूनमध्ये पहिलीत घालावा. वैष्णवी कोवळी आणि ताजी आहे, ओल्या गोणपाटात गुंडाळून दुपारच्या आत पंचवटीच्या बाजारात न्यावी, उशीर झाल्यास सुकेल. सुनेनं पोरीला उचललं आणि दार लावून घेतलं.

"आणि बाईंचं काय आलं?" लंकाबाईंनी खालच्या आवाजात विचारलं.

इथं मी थांबलो. गोष्टीत थांबायची जागा कळली पाहिजे. मग म्हणालो, यादव सरांनी वाचलं: जमीन कसदार. एकदा नांगर फिरलाय, वरचा थर गेलाय, पण खाली ओल आहे. सध्या काही उगवणार नाही, त्याला घाबरू नये. कडू औषधाच्या राहिलेल्या फवारण्या चुकवू नयेत. त्यानंतर पुढची वीस वर्षं ही जमीन पीक देईल.

 लंकाबाईंच्या मालकांच्या खोलीचं दार उघडून बंद झालं, तेवढ्यापुरतं त्यांनी तिकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "पण ते तर जमिनीचं. पाट्या बदलल्या होत्या ना? बाईचं खरं कुठं कळलं?"

ही बाई दिंडोरीची, पण हुशार निघाली. माझ्या गोष्टीला एवढं मोठं भोक आहे हे माझ्याही ध्यानात आलं नव्हतं. आता ते बुजवणं आलं.

"बरोबर," मी म्हणालो. "म्हणून तर मी संजनाताईला बाजूला घेतलं. जनावरांच्या गोठ्यामागं. म्हटलं, ताई, जमिनीचं झालं, आता माणसाचं सांग. ती म्हणाली, आजोबा, अशा आजारात शंभर बायका घेतल्या तर त्यातल्या पाच वर्षांनंतर इतक्या बऱ्या असतात. मी म्हटलं, शंभर बायका कुठून आणू? मला एकच आहे."

लंकाबाईंना हसू आलं. त्यांनी ते पदरात घेतलं.

खरं तर तिथंच माझा गोंधळ झाला होता, आणि तो आजही तसाच आहे. टोमॅटोच्या शंभर जाळ्या, म्हणजे क्रेट, आल्या तर त्यातल्या किती खराब निघतील ते मला सांगता येतं. पण ते मी जाळ्या उघडून, हात लावून बोलतो. समोरच्या एका टोमॅटोला हात न लावता कोण सांगेल? मग ही पोरगी एवढं शिकून काय शिकली, असं वाटलं. आणि मग वाटलं, ती जर सांगत नाही, तर किंमत चढवत असणार. बाजारात जो आकडा बोलत नाही, त्याच्या मनात आकडा असतोच. मी तसाच वाढलोय. माझा बाप बैलबाजारात दलाल होता. तिथं तोंडानं कुणी भाव बोलत नाही. हातावर उपरणं टाकतात आणि त्याखाली बोटं धरतात. जितकी बोटं धरली तितका आकडा. पटला नाही तर समोरचा बोट सोडवून घेतो, पटला तर तळहात दाबतो. तोंडानं मात्र दोघंही वाटेल ते बोलत असतात, तुझा बैल लंगडा आहे, तुझी नियत लंगडी आहे. खरा सौदा उपरण्याखाली.

"तर मी काय केलं," मी लंकाबाईंना म्हणालो, "खांद्यावरचं हे उपरणं काढलं आणि संजनाताईच्या हातावर टाकलं. एक बोट म्हणजे दहा वर्षं, असं आधी बोलून घेतलं. मी तीन धरली. तिनं दोन सोडवली. मी म्हटलं, ताई, बाईचे दात बघा, सगळे शाबूत. परत तीन धरली. ती म्हणाली, आजोबा, शास्त्रात बसत नाही. मी म्हटलं, शास्त्राला सरकून बसायला सांगा. शेवटी दोनावर तिनं तळहात दाबला. वीस वर्षं. यंत्राचाही आकडा वीस, पोरीचाही वीस. आता सांगा."

"बोटं कशी धरत्यात म्हनं?" लंकाबाई म्हणाल्या. "आमच्यांनी बैल कधी घेतले नायत, आम्ही ट्रॅक्टरवाले."

आता लंकाबाईंचा हात मी कसा धरणार? म्हणून नवसाचा, मांडीवर पडलेला, तो घेतला. सुईमुळं काळा पडलेला हात. वर उपरणं टाकलं. "हे बघा, अशी तीन धरली," मी म्हणालो आणि खाली तिची तीन बोटं धरली. थंडगार होती. "आता समोरच्यानं सोडवायची असतील तर..."

फलकावर नंबर बदलला. आमचा होता. दारातल्या सिस्टरनं नाव पुकारलं. मी बोलत राहिलो. थांबलो असतो तर उठायचं की नाही हा प्रश्न आला असता, आणि तो मला नको होता.

"...तर असं एक-एक ओढून घेतात," मी म्हणालो, आणि खाली खरंच एक बोट ओढलं गेलं. मला वाटलं, झोपेत. मग दुसरं गेलं. झोपेत माणूस इतकं नेमकं ओढत नाही. माझ्या मुठीत एकच बोट उरलं. ते तिनं सोडवलं नाही.

तीन डोस राहिले होते. तिच्या हिशेबात बोट म्हणजे दहा वर्षं नव्हतीच.

मी तिच्याकडे बघितलं नाही. उपरण्याखालचं चालू असताना समोरच्याच्या तोंडाकडे बघायचं नसतं. मी गेलेलं दुसरं बोट परत धरून बघितलं. तिनं झटक्यात सोडवलं. मग त्या एकावरच थांबलो, आजच्या डोसावर.  सिस्टरनं दुसऱ्यांदा नाव पुकारलं. आणि माझा तळहात दाबला गेला, अंगठ्यानं, जुडीवर सुतळी आवळताना दाबतात तसा.

"मग बाईंना कळलंय का हे, वीस वर्सांचं?" लंकाबाई विचारत होत्या.

नवसानं डोळे उघडले, पदर सारखा केला, आणि माझ्या पुढून वाकून लंकाबाईंना म्हणाली, "खोटं हाय सगळं, बाई. ती पोरगी यांना म्हणाली, आजोबा, एकीचं कुणालाच सांगता येत नाय, आणि गोठ्यामागं नाय, माझ्यासमोर म्हणाली. मी जुड्या बांधत होते. आणि उपरणं तर त्या दिवशी मी धुऊन दोरीवर टाकलं होतं, संध्याकाळपर्यंत ओलं होतं."