हिरवा दिवा

ऐक ना, मध्ये बोलू नकोस, आधी नुसतं ऐक. मी आमदार टिलमनच्या ऑफिसात आहे ना, म्हणजे पत्रं मीच लिहिते, खाली त्यांची सहीही मीच ठोकते. सगळ्यांच्याच ऑफिसात चालतं तसं. तर मंगळवारी आमच्या राज्याच्या विधानसभेत ठराव होता. आपल्या फौजेनं त्या बेटावरच्या राष्ट्राध्यक्षाला घरातून उचलून आणलं, त्याबद्दल शाबासकीचा. असले ठराव कोणी नीट वाचत नाही गं. पुकारतात, टाळ्या, फलकावर मतांचे दिवे हिरवे, जेवायला चला.

पण सकाळीच आमच्या मतदारसंघातली लिबी मारेक आली. चार तास गाडी हाकत, हातात कोलाचेचा खोका, ते गोड भरलेले पाव गं, आलुबुखाऱ्याचे, पहाटे भाजलेले. तिचा मुलगा कोल्बी त्या मोहिमेत होता. डावा पाय गुडघ्याखाली गेला. आणि ठरावात लिहिलेलं, ‘आपल्या एकाही जवानाला ओरखडाही उठला नाही.’

लिबी म्हणाली, “साहेब, मला पदक नको, काही नको. तेवढी एक ओळ काढा.”

टिलमन एकाहत्तर वर्षांचे. चष्मा काढून डोळे चोळत बसले. मग म्हणाले, “काढायला लावतो. नाही ऐकलं तर माझं मत विरोधात. शब्द देतो, लिबी.”

ती बिचारी वर प्रेक्षकांच्या गॅलरीत जाऊन बसली.

आणि ठराव पुकारला, ती ओळ होती तशीच, तसे आमचे साहेब उठले. मला वाटलं, बोलणार! तर ते सरळ मागच्या दाराने बाहेर. मी धावत गेले. “साहेब, कुठे?”

“कॉफी प्यायला.”

“आत्ता?”

“मार्चमध्ये उमेदवारीसाठी पक्षातच मतदान आहे, आपलाच एक जण माझ्याविरुद्ध उभा राहतोय, पोरी. मी ना हो म्हणत, ना नाही. एवढं तरी करू दे.”

पण आमच्याकडची रीत तुला माहितीये ना? शेजारच्या बाकावरचा जागेवर नसला की त्याचं बटण आपण दाबायचं. नियमात बसत नाही, पण सगळे करतात. शेजारच्या बाकावरच्या आमदार हॅचने स्वतःचं दाबलं आणि हात लांब करून टिलमनचंही दाबलं. सवयीने! फलकावर नाव हिरवं. सगळे उभे राहून टाळ्या. गॅलरीत एकटी लिबी बसलेली.

ती खाली आली. ओरडली असती तर बरं वाटलं असतं गं. म्हणाली, “कोल्बी बघत होता. इस्पितळातून, फोनवर.” आणि बाहेरच्या बाकावर बसून राहिली.

मी हॅचला म्हटलं, “अहो, काय केलंत!” तर म्हणतो, “मग काय लाल दाबू? त्याला निवडून यायचंय ना?”

ऑफिसात गेले तर साहेब सोफ्यावर, बूट काढून, डोळे मिटून. मी म्हटलं, मत दुरुस्तीचा कागद देऊया. बैठक संपायच्या आत कारकुनाकडे दिला की नोंदीत जातो, ‘यंत्र बिघडलं होतं, माझं मत विरोधात धरावं.’ यंत्र कधीच बिघडत नाही, सगळ्यांना ठाऊक, तरी रोज दोन-चार कागद जातात.

ते डोळे न उघडताच म्हणाले, “कर सही. रोज करतेस तशी. पण उद्या कोणी विचारलं तर मी सांगितलं नव्हतं.”

“म्हणजे नोकरी माझी जाणार?”

“मी फार दमलोय, रोझलिन.”

दमलेले होतेच गं, खोटं नाही. मलाही तेव्हा तिथेच जमिनीवर आडवं व्हावंसं वाटलं.

केली सही. म्हटलं, आधी लिबीला दाखवू, तिला जरा बरं वाटेल. तिने दोनदा वाचला.

“यंत्र बिघडलं? यात माझा मुलगा कुठाय?”

“तसंच लिहितात, लिबी.”

“इथे ‘कारण’ म्हणून दोन ओळी मोकळ्या आहेत की.” तिने माझ्याच खिशातलं पेन काढून माझ्या हातात दिलं. “लिही. त्याचा पाय गेला म्हणून लिही.”

आता खाली सही टिलमनची. अक्षर माझं. ज्या माणसाने ते कधी म्हटलंच नाही, त्याच्या नावाने ते कायमचं छापलं जाणार. नाही लिहिलं तर कोल्बीचा पाय कुठल्याच कागदावर नाही. आतून कारकुनाची हाक आली, दहा मिनिटं उरलीत म्हणून. ती माझ्याकडे बघतेय, मी कागदाकडे.

तू सांग ना. तू काय केलं असतंस?