नव्या पडद्याची खळ

शहाऐंशीच्या उन्हाळ्यात जळकोटला प्यायला पाणी नव्हतं आणि मालनआक्काला गाण्याच्या बॉक्ससाठी नवा स्पीकर पाहिजे होता. ज्याला हे खूळ वाटतं, त्यानं गेल्या वर्षीची भीमजयंती बघितलेली नाही. चावडीसमोर आक्कानं भीमगीत उचललं आणि जुन्या स्पीकरचा कागदी पडदा फाटला. आवाज फरफरला. पायरीवर बसलेला महारुद्र, सोसायटीच्या चेअरमनचा माणूस, म्हणाला, "म्हस वरडली का रं?" सगळी पायरी हसली. यंदाची मिरवणूक तिथूनच जाणार होती.

गायनपार्टी आक्काची. मी ढोलकीवर, तिचा दीर पिराजी गिटारवर. सोलापूरच्या ऑर्केस्ट्रात तो शिकला होता. नवा स्पीकर त्यानंच बसवला, तार छेडली आणि आमची तोंडं उतरली. पत्र्यावर खडे पडावेत तसा आवाज. बारीक तार कानात टोचायची, जाड तारेला पोटच नव्हतं.

"परत देऊन ये," मी म्हणालो.

आक्कानं पडद्याच्या कडेला बोट लावून बघितलं. "खळीचं लुगडं हाय ह्ये. अंगवळणी पडंपर्यंत खरखरतंयच. पिराजी, रोज वाजीव. पर दमानं. जोर लावलास तर हितंच फाटंल."

मग वीज असेल तेव्हा पिराजी समाजमंदिराच्या ओट्यावर जाड तार घोळवत बसायचा. दुष्काळी कामावरून खडी फोडून आलेली आक्का समोर बसून ऐकायची. हाताला फोड, पण कान जागा. "आज कड जराशी सुटली बघ," म्हणायची. मला आधी काही कळायचं नाही. पुढं पुढं मलाही ऐकू यायला लागलं.

आणि मधेच महारुद्र आला. "चेअरमनसाहेबांची सभा हाय. आमचा भोंगा बसलाय. तुमचा बॉक्स दे."

पिराजीचं तोंड पांढरं पडलं. नाही म्हणावं तर कामावरची हजेरी यांच्याच हातात. आक्का म्हणाली, "न्या. पर आवाजाचं बटण माझ्या हाताखाली ऱ्हाईल."

सभेत टँकरचं नाव नाही आणि चेअरमन उसाचं बोलत होता. नवा कारखाना, शेअर्स, हिरवं शिवार. लोक कोरड्या घशानं ऐकत होते. तो रंगात येऊन ओरडला तसं आक्कानं बटण मागं घेतलं. तो आणखी ओरडला, तिनं आणखी मागं घेतलं.

"आवाज वाढव की," चेअरमन म्हणाला.

"साहेब, तुमीच जरा हळू बोला," आक्का बसल्या जागेवरून म्हणाली. "पडदा नवा हाय. वरडून फाटला तर तुमचंबी कुणाला ऐकू यायचं न्हाय."

मागच्या बाया फसकन हसल्या. चेअरमननं इकडं तिकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. या माणसाला हळू बोल म्हणणारं माणूस मी तोवर बघितलं नव्हतं. आमदारसुद्धा त्याच्यापुढं मान डोलवायचे. माझी बहाद्दर आक्का मात्र पदर खोचून बटणावर बसली होती.

जयंतीला बॉक्स बैलगाडीवर चढवला, बॅटरी जोडली. चावडी आली. पिराजीनं जाड तार छेडली आणि तो सूर माझ्या ढोलकीच्या चामडी पानात येऊन बसला. गोल, भरलेला, ऊन लागलेल्या गुळासारखा. आक्कानं बटणावरचा हात काढून घेतला.

"आता सोड, पिराजी. पुरा सोड."

ती गायली. ओरडली नाही, गायली. शब्द न् शब्द चावडीच्या मागच्या गल्लीपर्यंत गेला. पायरीवर कुणी हसलं नाही. कडवं संपल्यावर महारुद्र गाडीजवळ आला.

"बॉक्स बदलला काय?"

"त्योच हाय की," आक्का म्हणाली. "तुमच्या साहेबांनीबी वाजवलाय. त्येंच्या भाषणाचा तेवढा तरी उपेग झाला."

आणि तिनं दुसरं कडवं उचललं.